उंदराचा पत्ता



वांद्र्याला दोन बाजू आहेत. रुळांच्या पश्चिमेला जुनी गावठाणं, आणि पूर्वेला सरकार. पूर्वेकडे बाहेर पडून कलानगरच्या दिशेने चालू लागलात की उपनगर जिल्ह्याचं जिल्हाधिकारी कार्यालय, कुटुंब न्यायालय, म्हाडाचं गृहनिर्माण भवन, भविष्य निर्वाह निधीचं कार्यालय, आणि या सगळ्यांच्या आजूबाजूला पसरलेली शासकीय वसाहत. रोज हजारो माणसं इथे नोकरीला येतात, आणि त्यांच्याकडे आपापली कामं घेऊन आणखी हजारो येतात. पश्चिमेला रानवर, चिंबई, पाली, चुईम, शेर्ली या गावठाणांत फिरलात तर कोपऱ्याकोपऱ्यावर क्रूस दिसतात. त्यांतले अनेक क्रूस प्लेगच्या वर्षांत उभे राहिले. आज आपल्याला या दोन बाजूंचा संबंध बघायचा आहे, आणि तो जोडणारा प्राणी आहे उंदीर.

हसा, हसायला हरकत नाही. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने उंदरावर बोलावं यात थोडी गंमत आहेच. पण आम्हाला ज्या प्रश्नात रस आहे तो उंदराचा नाही. सरकारी कार्यालयात टेबलामागे बसणाऱ्या माणसाचं आरोग्य नेमकं कोणाच्या हिशोबात धरलेलं असतं, हा तो प्रश्न. आणि या प्रश्नाचा इतिहास मुंबईत उंदराच्या मागे मागे गेल्याशिवाय सापडत नाही.

सप्टेंबर १८९६. मांडवी बंदराजवळच्या वस्तीत डॉ. आकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी एका रुग्णाला तपासून हा गाठीचा प्लेग आहे असं निदान केलं. त्या वेळी वांद्रे मुंबईत नव्हतं. ते ठाणे जिल्ह्यातल्या साष्टी तालुक्यातलं वेगळं गाव, त्याची स्वतःची नगरपालिका. मुंबईतून माणसं पळू लागली, ती आगगाडीने, होडीने, पायी. पळणाऱ्यांबरोबर, त्यांच्या गाठोड्यांबरोबर आणि धान्याच्या पोत्यांबरोबर प्लेगही उपनगरांत पोचला. पश्चिमेचे ते क्रूस त्याची आठवण म्हणून आज उभे आहेत. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथीच्या रोगांचा कायदा आला, आणि मग पुण्यात काय घडलं, रँडसाहेबाचं काय झालं, सावित्रीबाई फुले रुग्णसेवा करता करता कशा गेल्या, हे आपण सगळे शाळेपासून ऐकत आलो आहोत. ते आज पुन्हा सांगत नाही.

आज सांगायचं ते वेगळं. त्या पहिल्या वर्षांत सरकारने प्लेगविरुद्ध जे जे केलं, त्यात उंदीर जवळजवळ नव्हताच. घरं रिकामी केली, भिंतींना चुना दिला, कार्बोलिक ॲसिड ओतलं, गटारं धुऊन काढली, माणसांना रेल्वे स्टेशनावर उतरवून काखा आणि जांघा तपासल्या. रोग घाणीत असतो, हवेत असतो, माणसात असतो, असा समज. गटारं जोरात धुतली की गटारातले उंदीर काय करणार? वर येणार, शेजारच्या घरात जाणार. म्हणजे औषधाने रोगाला वाट करून दिली. हा मुद्दा लक्षात ठेवा, थोड्या वेळाने लागणार आहे.

खरं तर लोकांना माहीत होतं. गढवाल-कुमाऊंच्या डोंगरात घरातले उंदीर पटापट मरू लागले की माणसं घर सोडून निघून जात. आपल्याकडेही उंदीर पडू लागले की गाव माळावर झोपड्या बांधून राहायला जाई. आमच्या आजीच्या पिढीतल्या बायकांच्या बोलण्यात ‘प्लेगात गाव बाहेर पडलं होतं’ हे वाक्य सहज येत असे. शास्त्राला मात्र पुरावा हवा होता. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने २ जून १८९८ रोजी कराचीत एक प्रयोग करून दाखवला, की आजारी उंदराकडून निरोगी उंदराकडे रोग पिसवेमार्फत जातो. त्याच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशननेही नाही.

मग परळ. आपली हाफकिन संस्था ज्या वास्तूत आहे ती पूर्वी राज्यपालांची हवेली होती. १८९९ पासून तिथे प्लेगची प्रयोगशाळा होती. १९०५ पासून पुढची काही वर्षं तिथे जे संशोधन झालं ते मुंबईने जगाला दिलेल्या मोठ्या देणग्यांपैकी एक आहे, आणि आपण त्याबद्दल फार कमी बोलतो. ग्लेन लिस्टन हा त्यातला महत्त्वाचा माणूस. या मंडळींनी छोट्या झोपड्या बांधल्या आणि त्यांत गिनीपिग ठेवले, काही प्लेग झालेले, काही निरोगी. पिसवा नसतील तर दोघं एकत्र राहिले, खाल्लंप्यायलं, तरी रोग पसरला नाही. पिसवा असतील तर पसरला. नंतर त्यांनी पिंजरे टांगले. जमिनीलगतच्या पिंजऱ्यातला प्राणी मेला, दोन फूट उंच टांगलेल्या पिंजऱ्यातला वाचला. का? तर पिसू तेवढी उंच उडी मारू शकत नाही. किती साधा प्रयोग आहे बघा. आम्ही वर्गात अनुमान शिकवताना हाच दाखला देत असू.

दुसरं काम त्याहून मोठं. मुंबईभरातून उंदीर गोळा होत, सापळ्यात सापडलेले आणि मेलेलेही. ते परळला येत आणि कापून तपासले जात. वर्षाला लाखाहून अधिक. आणि प्रत्येक उंदराला चिठ्ठी लावलेली असे, की हा कुठे सापडला आणि कधी. या चिठ्ठ्यांतून काय निघालं? आधी गटारात राहणाऱ्या तपकिरी उंदरांत साथ येते. साधारण दहा दिवसांनी घरात, छपरात राहणाऱ्या काळ्या उंदरांत येते. आणि त्यानंतर दहा-बारा दिवसांनी त्याच भागातल्या माणसांत.

न्यायदर्शनात अनुमानाचं ठरलेलं उदाहरण आहे, डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे आग आहे. धूर हे चिन्ह, आग ही जाणायची गोष्ट. परळच्या प्रयोगशाळेत मेलेला उंदीर हे चिन्ह झालं, आणि जाणायची गोष्ट होती दोन-तीन आठवड्यांनी येणारा माणसाचा मृत्यू. पण चिन्हाला पत्ता नसेल तर ते चिन्हच नाही. ‘कुठेतरी धूर आहे’ यावरून कोणत्या डोंगरावर आग आहे ते कसं कळणार? उंदीर किती मारले यापेक्षा कुठला उंदीर मेला हे महत्त्वाचं होतं, कारण त्या पत्त्यावर माणूस राहत होता.

आता शंभरेक वर्षं ओलांडून आपण मंत्रालयात येऊ.

मार्च २०१८. विधानसभेत एकनाथ खडसे बोलायला उभे राहिले. ते तेव्हा सत्ताधारी पक्षाचेच आमदार, माजी मंत्री. माहितीच्या अधिकारात मिळालेल्या कागदांचा आधार घेऊन ते म्हणाले, की मंत्रालयात ३ लाख १९ हजार ४०० उंदीर सात दिवसांत मारल्याचं दाखवलं आहे. करा भागाकार. दिवसाला ४५ हजार ६२८, मिनिटाला एकतीसपेक्षा जास्त. तेही रात्रंदिवस न थांबता. सभागृहात हशा पिकला, देशभर बातम्या झाल्या. नंतर सरकारकडून खुलासा आला, की हा आकडा मारलेल्या उंदरांचा नाही, ठेवलेल्या विषारी गोळ्यांचा आहे.

या प्रसंगाकडे लोक भ्रष्टाचाराच्या बाजूने पाहतात, विनोदाच्या बाजूने पाहतात. तो आमचा विषय नाही, आणि त्यावर निवाडा द्यायला आम्ही बसलेलो नाही. आम्हाला तो खुलासाच जास्त बोलका वाटतो. खुलासा खरा धरून चालू. म्हणजे एका इमारतीत, जिथे रोज हजारो माणसं काम करतात, हजारो गरजू येतात, तिथे तीन लाखांहून जास्त विषारी गोळ्या ठेवल्या गेल्या. त्यांनी उंदीर किती मेले? कुठल्या मजल्यावर? मेलेले काढले कोणी? त्या दिवसांत तिथे बसणाऱ्या कर्मचाऱ्यांना काय सांगितलं गेलं? त्यांच्यापैकी कोणाला त्रास झाला का? जो गदारोळ झाला त्यात आकड्यावर सगळे भांडले. सत्ताधारी, विरोधक, वर्तमानपत्रं, सगळे. कारकुनाबद्दल एकानेही विचारलेलं आमच्या तरी वाचनात आलं नाही. परळच्या चिठ्ठीवर पत्ता होता. इथे फक्त गोळ्यांची संख्या होती.

महापालिकेचं काम याच्याशी ताडून बघा. मुंबई महापालिकेच्या कीटकनाशक विभागाकडे रात्री उंदीर मारणारी माणसं आहेत. एका हातात विजेरी, दुसऱ्या हातात काठी, रात्रीला किमान ३० उंदीर हे लक्ष्य. त्यांच्यावर एक माहितीपटही निघाला आहे, ‘द रॅट रेस’. सकाळी मेलेल्या उंदरांची मोजणी होते, आणि त्यांतले काही आजही प्लेगच्या तपासणीसाठी हाफकिनला जातात. म्हणजे परळची परंपरा थोडी का होईना टिकून आहे, आणि ती टिकवली आहे सगळ्यात कमी पगाराच्या माणसांनी.

कोणी म्हणेल, प्लेग गेला, आता काय बिघडतं? पहिली गोष्ट, प्लेग फार लांब गेलेला नाही. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आधी पिसवांचा त्रास सुरू झाला, उंदीर पडले, आणि मग माणसांना गाठी आल्या. तोच जुना क्रम. त्यानंतर महिनाभरात सुरत झालं, आणि मुंबईतल्या औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन संपलं.

दुसरी गोष्ट वांद्र्याची. वांद्रे पूर्व ही खाडीकाठची जमीन. मिठी नदी इथेच माहीमच्या खाडीला मिळते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि कलानगरपासून कुर्ल्यापर्यंत माणसं छातीभर पाण्यातून चालत घरी गेली. पाणी ओसरल्यावर ऑगस्टमध्ये लेप्टोची साथ आली. उंदराच्या मुतातून जिवाणू पाण्यात येतात आणि पायाला साधं खरचटलेलं असलं तरी तिथून शरीरात शिरतात. ताप येतो, मूत्रपिंड जातं, यकृत जातं, माणूस जातो. पाण्यातून चाललेल्यांनी तीन दिवसांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सीसायक्लिन घ्यावं, असं महापालिका आता दर पावसाळ्यात सांगते. पण तळमजल्यावरच्या अभिलेख कक्षात पाणी शिरतं, तेव्हा भिजलेले गठ्ठे उचलायला अनवाणी उतरतो तो शिपाई. त्याला हे कोण सांगतं? त्याचा तो ताप नोकरीमुळे आला, असं कुठे लिहिलं जातं?

तिसरी गोष्ट डासांची. चार्ल्स बेंटली यांनी १९११ साली मुंबईच्या हिवतापावर अहवाल दिला. शहरातल्या विहिरींत वाढणारा डास त्यांनी दोषी ठरवला, आणि विहिरी बुजवण्यावरून, झाकण्यावरून शहरात मोठा वाद झाला. धर्माचा प्रश्न आला, पारशी समाजाच्या विहिरींचा प्रश्न आला. विहिरी गेल्या आणि त्यांची जागा गच्चीवरच्या टाक्यांनी घेतली. दर पावसाळ्याआधी महापालिकेची डास निर्मूलन समिती बसते, त्यात सरकारी यंत्रणांनाही बोलावतात आणि आपापल्या टाक्यांना झाकणं लावा म्हणून सांगतात. एका सरकारी यंत्रणेने दुसऱ्या सरकारी यंत्रणेला दरवर्षी तेच सांगायचं, हेही एक कर्मकांडच.

चौथी गोष्ट कोणाला धोक्याची वाटत नाही, म्हणून तीच आम्हाला जास्त सतावते. ती म्हणजे औषध. आमच्या हयातीच्या दाखल्यासाठी दरवर्षी एका कार्यालयात जावं लागतं. नाव घेत नाही. गेल्या खेपेला सोमवार होता. टेबलामागच्या बाई म्हणाल्या, “काका, पिशवी खाली नका ठेवू. शनिवारी औषध मारलंय, अजून वास जात नाही.” डोळे पुसत त्या आमचा फॉर्म भरत होत्या. आम्ही विचारलं, कसलं औषध? त्यांना माहीत नव्हतं. शेजारच्या टेबलावर विचारलं, तिथेही नाही. “आमच्याकडे मारलं की ते वरच्या सेक्शनला जातात, आणि वर मारलं की परत आमच्याकडे येतात,” एवढं मात्र सगळ्यांना पाठ होतं. १८९६ ची गटारं आठवली का?

२९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा झाला, तेव्हा शनिवारी फवारणी करणं सोयीचं झालं. पण झुरळांसाठी फवारलेलं औषध रविवारी बंद खिडक्यांमागे बसून राहतं. झिंक फॉस्फाईडचा पोटातल्या आम्लाशी आणि ॲल्युमिनियम फॉस्फाईडचा हवेतल्या ओलाव्याशी संयोग झाला की फॉस्फिन हा विषारी वायू तयार होतो. या वस्तू खेळण्यातल्या नाहीत. १९५८ साली केरळात एकाच जहाजातून आलेल्या धान्याच्या पिठात पॅराथिऑन मिसळलं आणि शंभरावर माणसं दगावली. त्यातून १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. फवारणाऱ्याला परवाना हवा, हातमोजे हवेत, मुखपट्टी हवी, हे त्या कायद्याने आणि त्याखालच्या नियमांनी ठरवलं. फवारलेल्या खोलीत सोमवारी आठ तास बसणाऱ्याबद्दल मात्र कोण बोलणार? औषध नको असं आमचं म्हणणं नाही. झुरळाच्या विष्ठेने आणि उंदराच्या केसांनीही दमा वाढतो, हे अमेरिकेतल्या शहरी वस्त्यांतल्या मुलांच्या अभ्यासात दिसलं आहे. औषध काय, किती, कधी, हे तिथे बसणाऱ्याला कळलं पाहिजे, इतकंच.

आता कायद्याकडे येऊ. इथे जरा सावकाश जाऊ, कारण गाठ इथेच आहे.

१९४८ चा कारखाने कायदा २०२५ पर्यंत अमलात होता. तो स्वच्छतेबद्दल, हवेबद्दल, पिण्याच्या पाण्याबद्दल तपशिलात बोलत असे, आणि तो सरकारी कारखान्यालाही लागू होता. चर्नी रोडच्या सरकारी छापखान्यातल्या कामगाराला तो संरक्षण देत असे. त्याच साली मुंबई प्रांताने दुकाने व आस्थापनांचा कायदा केला. दुकानातला, हॉटेलातला, खाजगी कचेरीतला नोकर त्यात आला. सरकारी कचेऱ्या वगळल्या. म्हणजे छापखान्यात जुळारी असलेल्याला कायदा, आणि तिथे छापलेला फॉर्म ज्याच्या टेबलावर येतो त्या कारकुनाला काही नाही.

ही सूट कुठून आली? इंग्लंडच्या राजाकडून. राजाने केलेला कायदा राजाला बांधत नाही, हा तिथला जुना न्याय. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे राजा गेला, पण नियम राहिला. १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. मग कलकत्ता महापालिकेचं प्रकरण आलं. राज्य सरकार परवाना न घेता बाजार चालवत होतं, महापालिकेने खटला भरला. नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने डिसेंबर १९६६ मध्ये जुना निकाल फिरवला आणि सांगितलं, की प्रजासत्ताकात राजाच्या विशेषाधिकाराला जागा नाही. कायदा राज्यालाही बांधतो, वगळायचं असेल तर कायद्यातच तसं दिसलं पाहिजे. आम्ही हा निकाल भारतीय राजकीय विचारातला एक मोठा क्षण मानतो. बाजाराच्या परवान्यासारख्या क्षुल्लक वादातून केवढा प्रश्न सुटला!

सुटला, पण त्या निकालाची दुसरी बाजू अशी, की आता सूट घ्यायची तर ती स्पष्ट लिहावी लागते. आणि ती लिहिली गेली. २०२० साली संसदेने व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कामाची परिस्थिती यांविषयीची संहिता संमत केली. नाव केवढं व्यापक! त्या संहितेच्या सुरुवातीलाच म्हटलं आहे, की ही संहिता केंद्र सरकारची कार्यालयं, राज्य सरकारांची कार्यालयं आणि कोणत्याही राष्ट्राची युद्धनौका यांना लागू नाही. एकाच वाक्यात. जिल्हाधिकारी कचेरीतला अव्वल कारकून आणि युद्धनौका शेजारी शेजारी. युद्धनौकेचं समजू शकतो, तिथे लढाई असते. आमच्या बाईंची लढाई कोणाशी?

त्याच्या पुढचं परंतुक आणखी विचार करण्याजोगं आहे. सरकारी कार्यालयात कंत्राटदारामार्फत आलेल्या कामगारांना मात्र संहिता लागू आहे. हे योग्यच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण चित्र कसं होतं बघा. उंदरासाठी गोळी ठेवायला आलेला कंत्राटी मुलगा कायद्याच्या आत, आणि जिच्या टेबलाखाली गोळी ठेवली ती कायम नोकरीतली बाई कायद्याच्या बाहेर. एकाच खोलीत, एकाच वासात. प्रत्यक्षात त्या मुलाला मुखपट्टी मिळते का, हा वेगळा प्रश्न. निदान विचारायला कायदा आहे.

यावर उत्तर मिळतं, की सरकारी नोकराला कशाला हवं हे सगळं? त्याला कायम नोकरी आहे, आजारी पडला तर वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती आहे. हे उत्तर ऐकायला बरं आहे. पण प्रतिपूर्ती आजारानंतर येते आणि तपासणी आजाराआधी. कारखान्यात निरीक्षक येतो तो बिलं मंजूर करायला येत नाही. शिवाय राज्यघटनेचा ४२ वा अनुच्छेद कामाच्या न्याय्य आणि माणुसकीच्या परिस्थितीबद्दल बोलतो, तेव्हा तो कारखाना आणि कचेरी असा भेद करत नाही. १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉसच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला.

ज्या इंग्लंडकडून आपण हा नियम घेतला, त्यांनी तो कसा सोडला तेही ऐका. ऑगस्ट १९८४ मध्ये वेकफील्ड गावाच्या स्टॅन्ली रॉइड या सरकारी मनोरुग्णालयात अन्नातून विषबाधा झाली आणि १९ रुग्ण मेले. सरकारी रुग्णालयाच्या स्वयंपाकघराला राजाच्या नावाची सूट होती, त्यामुळे खाजगी हॉटेलवर जसा खटला भरता येतो तसा तिथे भरता येत नव्हता. चौकशी झाली, आरडाओरडा झाला, आणि १९८६ साली रुग्णालयांची ती सूट अन्न आणि सुरक्षिततेच्या कायद्यांपुरती काढून घेतली. एकोणीस माणसं लागली. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने तर १९६४ सालीच दुकानं आणि कचेऱ्यांतल्या स्वच्छतेसाठी वेगळा करार केला आहे, त्यात प्रशासकीय सेवाही येतात. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

थोडं आपल्याकडच्या चांगल्या गोष्टींकडेही बघू. उंदीर आणि कसर यांना कार्यालयात काय आवडतं? कागद. न हलवलेला कागद. ‘कसर लागली’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत आला तो अशाच गठ्ठ्यांतून आला असावा. महसूल खात्यात अभिलेखांचे वर्ग ठरलेले आहेत. अ वर्ग कायम ठेवायचा, ब वर्ग तीस वर्षं, क वर्ग दहा वर्षं, असं ड वर्गापर्यंत, जो वर्षभराने काढून टाकायचा. नियम उत्तम. पण ड वर्गाचा कागद अ वर्गाच्या कागदाखाली तीस वर्षं पडून राहिला, की नियम उंदराच्या घराचा पाया होतो. १९८० च्या दशकात अनिलकुमार लखिना यांनी अहमदनगरच्या जिल्हाधिकारी कचेरीत हे सगळं उलथून टाकलं. कागद वर्गवार लावले, नको ते नष्ट केलं, बसण्याची मांडणी बदलली. लोक त्याला लखिना पॅटर्न म्हणू लागले. कार्यक्षमतेसाठी त्याचं कौतुक झालं, ते रास्तच. आम्हाला मात्र वाटतं, की तो आपल्याकडचा कचेरीतल्या आरोग्याचाही मोठा प्रयोग होता, फक्त त्याला ते नाव कोणी दिलं नाही. २०२५ मध्ये राज्य सरकारने शंभर दिवसांचा कार्यक्रम राबवला तेव्हा कार्यालयांची स्वच्छता आणि जुने अभिलेख काढणं पुन्हा यादीत आलं. याद्या दर पिढीला होतात.

वांद्र्याच्या शासकीय वसाहतीत आता उच्च न्यायालयाचं नवं संकुल उभं राहायचं आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये पायाभरणी झाली. पाया खणला जाईल तेव्हा तिथल्या बिळांतले उंदीर कुठे जाणार, हे विचारायला परळचा लिस्टन लागत नाही. ते रस्ता ओलांडून शेजारच्या कचेऱ्यांत जाणार.

एक साधी सूचना करतो आणि थांबतो. प्रत्येक सरकारी कार्यालयात आवक-जावक नोंदवही असते, हजेरीपत्रक असतं. तसंच एक वेगळं वहीचं पान ठेवा. तारीख, मजला, शाखा. उंदीर दिसला की मेलेला सापडला. कोणतं औषध वापरलं, कोणी, किती वाजता, खिडक्या किती वेळ उघड्या होत्या. त्या आठवड्यात त्या शाखेतलं कोण तापाने, दम्याने रजेवर गेलं. सही शाखाप्रमुखाची, आणि सही तिथे बसणाऱ्याचीही. याला कायदा लागत नाही, निधी लागत नाही. १९०५ साली उंदराच्या पायाला चिठ्ठी बांधता येत होती. ही वही महिन्यातून एकदा महापालिकेच्या कीटकनाशक विभागाच्या माणसाने बघावी, कारण बाहेरचा माणूस बघतो तेव्हाच वही खरी लिहिली जाते.

आयोजक घड्याळ दाखवताहेत. समोर तिसऱ्या रांगेत काही जण सरकारी नोकरीत असावेत असं त्यांच्या माना हलवण्यावरून वाटतंय. पहिला प्रश्न त्यांचा घेऊ.